आजोबांच्या हातांसाठी विणलेलं

तुम्ही दोघं मला फोनवर बघता तेव्हा बहुतेक वेळा माझ्या हातात सुया असतात. म्हणून तुमचा असा समज झालाय की आजीला विणकाम लहानपणापासून येतं. तसं नाही. मी साठी उलटल्यावर शिकले. मुंबईत लोकर विणायचं कारणच काय? इथे थंडी म्हणजे जानेवारीत पंखा एकवर ठेवायचा, एवढीच. ज्या बायकांना येत होतं त्यांना त्यांच्या आयांनी शेजारी बसवून शिकवलं होतं. मला तसं कोणी बसवलं नाही. मी छापील पॅटर्न वाचून शिकले, आणि तेही इंग्रजीतले.

तुमच्यातली मोठी जन्माला यायची होती तेव्हा तुमच्या आईने बाळाच्या स्वेटरचा एक पॅटर्न ईमेलने पाठवला. सहज पाठवला होता, मी करीन अशी तिची अपेक्षा नसावी. मी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून त्याची प्रत काढून आणली आणि घाटकोपरच्या बाजारात लोकर शोधत फिरले. साडीचे फॉल, बटणं, इलॅस्टिक विकणाऱ्या एका दुकानात ती मिळाली. दुकानदाराने माळ्यावरून खोका उतरवला तेव्हा त्याच्यावरची धूळ आम्हा दोघांच्या अंगावर आली.

पॅटर्नची भाषा मला लगेच आवडली. सुलट टाक्याला एक अक्षर, उलट टाक्याला दुसरं, चांदणीच्या खुणेपासून पुन्हा तेच. मी आयुष्यभर ऑफिसात पत्रं टाईप केली, फाईली लावल्या. सांगितलंय तसं केलं की सांगितलंय तसं होतं, ही गोष्ट मला मानवणारी होती. फक्त पहिल्या ओळीत लिहिलं होतं की आधी नमुन्याचा लहान चौकोन विणून मापून पाहा, तो मी विणला नाही. चौकोनाचा स्वेटरशी काय संबंध, असं वाटलं. माझा हात सैल. स्वेटर तयार झाला तो तीन वर्षांच्या मुलाला बसेल असा.

आजोबांनी तो दोन्ही हातांनी उंच धरला. "ह्या बाळ दाढी करून येतला काय गो?"

तुम्हाला माहीत आहेच, आजोबा विक्रोळीच्या एका कारखान्यात टर्नर होते. लेथवर लोखंड फिरतं ठेवून त्याला आकार देणारा तो टर्नर. पस्तीसेक वर्षं त्यांनी तेच केलं. माझ्याशी बोलताना चिडले किंवा खुशीत आले की मालवणीवर जायचे. एरवी मुंबईतले सगळे बोलतात तसंच.

तुमच्याकडे यायचं ठरलं तेव्हा मी त्यांच्यासाठी स्वेटर करायला घेतला. पॅटर्न तिकडच्या पुरुषांच्या मापाचा, छाती रुंद, बाह्या बोटांपर्यंत येणाऱ्या. या वेळी मी चौकोन विणला, टाके मोजले, गणित करून सगळं कमी केलं. बाह्यांपाशी आल्यावर ते म्हणाले, "कोपरापर्यंतच कर."

"अहो, बर्फ असतं तिथे. स्वेटर आहे का बनियन?"

"लांब बाही नको मला. सांगितलं ना."

लेथवर काम करणारा माणूस लांब बाही घालत नाही, घड्याळ घालत नाही, अंगठी घालत नाही. आणि हातमोजे तर कधीच नाही. कारण मशीन फिरत असतं, कापडाचं एक टोक सापडलं तरी ते आख्खा हात आत ओढून घेतं. त्यांच्या शेजारच्या मशीनवर असं झालेलं त्यांनी पाहिलं होतं. मला एकदाच सांगितलं, आणि सांगताना जेवत होते ते ताट सारून उठले. निवृत्त झाल्यावरही त्यांची सवय गेली नाही. मी बाही कोपराशी संपवली. पॅटर्न सोडून मी स्वतःच्या मनाने केलेलं ते पहिलं काम. तुमच्या अंगणातल्या बर्फात अर्ध्या बाह्यांचा राखाडी स्वेटर घालून उभे असलेले आजोबा तुमच्याकडे फोटोत आहेत.

आता पुढचं. हे तुम्हाला फोनवर कधी नीट सांगता आलं नाही, कारण तुमचा बाबा शेजारी असायचा, किंवा मी बोलता बोलता थांबायचे. तुम्ही आता मोठे आहात, म्हणून लिहिते.

आजोबांचं विसरणं कसं सुरू झालं ते तुम्हाला माहीत आहे. तुमची नावं गेली, मग घर गेलं, मग मी गेले. शेवटी शेवटी गिळायचं कसं तेही गेलं. घास तोंडात तसाच राहायचा, पाणी श्वासनलिकेत जायचं. दोनदा न्यूमोनिया झाला. मग डॉक्टरांनी नाकातून पोटापर्यंत नळी घातली. डाळीचं पाणी, दूध, औषधं, सगळं त्यातून मोठ्या सिरिंजने सोडायचं. घरी भाड्याने हॉस्पिटलचा पलंग आणला आणि दिवसभरासाठी नर्सिंग ब्युरोतून एक मावशी यायला लागल्या. मानखुर्दहून यायच्या. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, जाड, मोठ्याने बोलणाऱ्या, कामाला चोख.

आजोबांचं सगळं गेलं होतं, पण हात शाबूत होते. ते हात दिवसभर काहीतरी शोधत असायचे. चादरीची कड चाचपायचे, पलंगाच्या दांडीवर बोट फिरवून गुळगुळीत आहे का बघायचे. आणि नाकाशी लोंबणारी नळी हाताला लागली की ओढून काढायचे. एकदम, जराही न कचरता. नळी निघाली की नर्सला बोलवायचं आणि ती पुन्हा घालायची. घालताना मावशी खांदे धरायच्या, मी डोकं. ते ओरडायचे, डोळ्यांतून पाणी यायचं, नाकातून रक्त यायचं. हे कोण करतंय आणि का, ते त्यांना सांगायचा काही मार्ग नव्हता.

तिसऱ्या वेळेनंतर नर्स म्हणाली, "हात बांधा. सगळीकडे बांधतात."

मावशींनी बँडेजची पट्टी घेतली आणि सफाईने दोन्ही मनगटं पलंगाच्या दांडीला बांधली. खाली कापूस घातला होता, गाठ सैल होती. तरी दुपारपर्यंत मनगटावर लाल वळ उठले. ते ओढतच होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "साहेब, काय केलंय मी?"

तेव्हा मी ठरवलं की हे हात बांधायचे नाहीत. बाकी काय होतंय ते माझ्या हातात नव्हतं. एवढं असावं असं वाटलं.

"मग नळीपाशी दिवसभर कोण बसणार? मी आंघोळ घालणार, कपडे धुणार, का राखण करत बसणार?" मावशी म्हणाल्या. त्यांचं म्हणणं बरोबर होतं.

माझ्याकडे धाकट्यासाठी वापरलेला एक पॅटर्न होता. तान्ही बाळं स्वतःचं तोंड ओरबाडतात म्हणून त्यांच्या हातांत घालायचे मोजे. या मोज्यांना अंगठा नसतो, बोटं नसतात, नुसती पिशवी, मनगटाशी नाडी. तोच मोठा करायचा ठरवला. आजोबा झोपलेले असताना तळहाताचा घेर टेपने मापला. लोकरीने उकडेल म्हणून जाड सुती धागा घेतला, नमुन्याचा चौकोन विणला, टाके मोजले आणि बाळाच्या पिशवीची आजोबांची पिशवी केली. बोटं आत मुडपलेली राहावीत पण दाबली जाऊ नयेत म्हणून लांबी वाढवली. माझी मांडणी चोख होती. दोन मोजे दोन दिवसांत झाले.

सकाळी मावशींनी ते चढवले, मी नाड्या बांधल्या. "बघा, बॉक्सर झाले आजोबा," त्या म्हणाल्या. मीसुद्धा हसले.

आजोबांनी हात डोळ्यांसमोर धरले. एक क्षण बघितलं, आणि जे ओरडले ते मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

"काढ! काढ आधी! मशीन चालू आसा! हात जातलो माझो!"

त्यांना लेथ दिसत होती. मोजा घातलेला हात, समोर फिरणारं मशीन. त्यांनी हात छातीशी घट्ट घेतले, पाय झाडले, पलंगाच्या एका टोकाला अंग चोरून गेले. मावशी म्हणत होत्या, "अहो आजोबा, कसलं मशीन, काही नाही इथे," आणि मी नाडीची गाठ सोडत होते आणि ती सुटत नव्हती, कारण मी ती सुटू नये अशीच केली होती. टेपने हात मापणारी मी, या माणसाने जन्मात हातमोजा घातला नाही हे मला माहीत होतं. त्याच कारणासाठी त्यांच्या बाह्या मी कमी केल्या होत्या. पण पॅटर्न समोर आला की मला पॅटर्नच दिसतो.

डावा मोजा मी सोडवला. उजव्याची बोटांकडची कड त्यांनी दातांत धरली आणि ओढली. तिथे मी शेवटचे टाके बंद केले होते. विणकाम संपताना टाके एकातून एक ओढून बंद करतात, नाहीतर सगळं उसवतं. ते बंद केलेलं टोक त्यांच्या दातांनी तुटलं आणि धागा यायला लागला. मोकळ्या डाव्या हाताने त्यांनी तो धरला. एक ओळ आली, दुसरी आली. उसवलेला धागा सरळ नसतो, त्याला वळणं पडलेली असतात. तो असा कुरळा होऊन त्यांच्या पोटावर जमत गेला आणि आजोबा गप्प झाले.

लेथवर लोखंड कापलं जातं तेव्हा त्याची अशीच कुरळी, लांब सालं निघतात. ती मशीनमध्ये गुंतू नयेत म्हणून टर्नर सतत ओढून बाजूला करत राहतो. नुसत्या हाताने नाही, आकड्याने. पण आजोबांना आता ते आठवत नव्हतं. त्यांना फक्त काम आठवत होतं. कपाळाला बारीक आठी, ओठ मिटलेले. मी कारखान्यात त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्या सकाळी पाहिलं असं मला वाटलं.

"नळीकडे हात नाही गेला," मावशी हळूच म्हणाल्या.

त्या दिवसापासून मी सगळे पॅटर्न बाजूला ठेवले. बारा बोटं रुंद, हातभर लांब अशी साधी पट्टी विणायची, शेवटचे टाके बंद करायचे नाहीत, सुई काढून घ्यायची आणि धाग्याचं टोक त्यांच्या बोटांत द्यायचं. ते ओढत बसायचे. पट्टी संपली की मी दुसरी द्यायचे आणि उसवलेला धागा गुंडाळून पुन्हा विणायला घ्यायचे.

"आजी, तुम्ही विणणार, हे उसवणार. काय कारखाना काढलाय! माल कधी बाहेर पडायचा?" मावशी म्हणाल्या.

पहिल्याच आठवड्यात एक वाईट गोष्ट घडली. मी आंघोळीला गेले होते, मावशी औषध कुटत होत्या. सुती धागा आजोबांच्या तर्जनीभोवती गुंडाळला गेला आणि ते ओढतच राहिले. मी आले तेव्हा बोटाचं टोक निळं पडलं होतं. कात्री आत घालायला जागा नव्हती. मावशींनी नखाने धागा उचलून धरला आणि मी कापला. बोटाला खोल खाच पडली होती, ती भरायला बरेच दिवस लागले.

"बँडेजने बोट तरी कापत नाही," मावशी म्हणाल्या. त्या रागावल्या होत्या. जाड, मऊ, ताण आला तर तुटेल असं काहीतरी हवं होतं. मी कपाटातून तो राखाडी स्वेटर काढला. शिवणी उसवल्या, कडेचे टाके शोधले आणि आख्खा स्वेटर उसवून काढला. दुपार गेली त्यात. मावशी लोकरीचे गुंडे करायला बसल्या. "हा चांगला होता हो," एवढंच म्हणाल्या. जाड सुयांवर सैल टाके घालून मी पट्टी केली. लोकर बोटाला काचली नाही. जोराने ओढली की तुटायची. तुटली की आजोबा थांबायचे, मी दुसरं टोक हातात द्यायचे.

उन्हाळा आणि पावसाळा असा गेला. नळी अधूनमधून निघायचीच, पण आठवड्यातून दोनदा निघायची ती महिन्या-दोन महिन्यांत एकदा. कधी ते स्वतःशी बोलायचे, "फिनिश नाय आला." कधी मला म्हणायचे, "साहेबांका सांग, शिफ्ट सुटल्यावर येतंय." मी सांगते म्हणायचे. हात बांधलेले नव्हते. तुम्हाला हे सुख वाटणार नाही. आम्ही दुसरं काही मागत नव्हतो.

दिवाळीच्या सुमाराला बोटं मंदावली. एक पट्टी दिवसभर पुरायला लागली, मग दोन दिवस. लोकर बोटांत द्यावी तर तशीच राहायची. मी काय ते समजले. हात नळीकडे मात्र अजून जायचा. हळू, वाट चुकत, पण जायचा. एका सकाळी मावशी पाणी गरम करत होत्या आणि मी शेजारीच बसले होते. आजोबांनी हात उचलला, चाचपत नळीपर्यंत नेला आणि ती बाहेर काढली. मला थांबवता आलं असतं. माझ्या मनात आलंच नाही. लोकर शेजारी पडली होती, तिच्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

आमच्या डॉक्टरबाई घरी आल्या. त्यांनी तपासलं आणि मला बाहेरच्या खोलीत बोलावून स्पष्ट सांगितलं. नाक आतून सुजलंय, आता घालायची तर जास्त त्रास होईल, आणि ती पुन्हा काढू नये म्हणून या वेळी हात बांधावेच लागतील. नाही घातली तर तोंडाने जाईल तेवढं जाईल. किती दिवस, ते सांगता येत नाही, पण फार नाही.

मी तुमच्या बाबाला फोन लावला. तिकडे पहाट होती. मी सगळं क्रमाने सांगितलं.

"आई, घालताना दुखतं का गं त्यांना?"

"हो."

"मग नको," तो म्हणाला. "मी निघतो."

त्या दिवसापासून मी पेज केली, पातळ, मीठ घालून, आणि चमच्याच्या टोकाने ओठ ओले करत राहिले. थोडी आत जायची, थोडी गळ्यावर ओघळायची. मावशींनी रविवारची सुट्टी घेतली नाही. आजोबांचे हात चादरीवर उघडे पडलेले असायचे, तळवे वर. मी एक धरायचे, कधी मावशी दुसरा धरायच्या. बोटावरची खाच भरून आली होती पण दिसत होती. तुमच्या बाबाला तिकीट मिळालं आणि तो विमानात असताना, दुपारी, आजोबा गेले.

बाबाने निघतानाच सांगितलं होतं, असं काही झालं तर माझ्यासाठी थांबू नका. म्हणून आम्ही थांबलो नाही. पुढचं त्यानेही पाहिलेलं नाही, तुम्हीही नाही.

इमारतीतले पुरुष आले. आमच्या खालच्या मजल्यावरचे एक गृहस्थ अशा वेळी सगळं बघतात, कोणाला काय आणायचं ते त्यांनाच ठाऊक असतं. त्यांनी तिरडी बांधली. आजोबांना आंघोळ घालून तिच्यावर ठेवलं. पायाचे अंगठे एकत्र बांधले, तसे बांधतातच. मग सुतळीचा गुंडा घेऊन ते छातीशी आले.

"वहिनी, हात पोटावर घेऊन दोन वेढे मारतो."

"हात बांधू नका," मी म्हणाले.

"अहो, लिफ्टमध्ये तिरडी मावत नाही. चार मजले जिना उतरायचाय. हात खाली येतील."

"येऊ देत."

"बरं नाही दिसत ते, वहिनी. लोक काय म्हणतील? सगळ्यांचे बांधतात."

खोलीतले सगळे माझ्याकडे बघत होते. मी त्यांना काय सांगणार होते? लेथ, मोजे, नाकातली नळी, हे सगळं तिथे उभं राहून? स्वयंपाकघराच्या दारातून मावशी म्हणाल्या, "काका, नका बांधू म्हणतायत ना त्या? सांभाळून उतरवा की जरा."

त्यांनी मान हलवली, पण ऐकलं. सुतळीचे वेढे छातीवरून आणि गुडघ्यांवरून घेतले आणि हात वर मोकळे ठेवले. चौघांनी उचललं. मी जिन्याच्या कठड्यापाशी उभी राहिले. पहिलं वळण नीट पार पडलं. दुसऱ्या वळणावर तिरडी कलली आणि उजवा हात घसरून बाहेर आला, भिंतीला घासत लोंबायला लागला. उचलणाऱ्यांचे हात गुंतलेले होते. ते गृहस्थ मागून झटकन पुढे झाले, त्यांनी तो हात उचलून आजोबांच्या पोटावर ठेवला आणि वर स्वतःचा तळवा ठेवून तसेच आडवे चालत जिना उतरू लागले. दुसऱ्या मजल्यापर्यंत मला ते दिसत होते. मग कठडा आडवा आला.